गर्ट्रूड बेलचे दप्तर

१९१४ सालच्या हिवाळ्यात दमास्कसहून हाइलकडे निघालेली एक इंग्रज बाई अरबस्तानच्या वाळवंटात रोज संध्याकाळी तंबूत बसून दिवसभराची टिपणे एका वहीत उतरवीत असे. किती वाजता तळ हलला, कोणत्या दिशेने चाल झाली, पाणी कोठे लागले, कोणत्या टोळीचा कोण माणूस भेटला आणि तो काय म्हणाला, या नोंदी घाईने केलेल्या असत. वाक्ये अर्धवट, क्रियापदे गळालेली, मध्येच अरबी शब्द आलेले. दोन-चार दिवस गेले, जरा उसंत मिळाली, की ती दुसरी वही उघडीत असे आणि त्याच दिवसांविषयी पुन्हा लिहीत असे. या दुसऱ्या वहीतली वाक्ये पुरी आहेत, त्यांना श्वास आहे. थंडी, एकटेपणा, तांबूस खडकांवरचा प्रकाश, आपण हे कशासाठी करतो आहोत याविषयीचा संशय, हे सगळे त्या वहीत येते. पहिल्या वहीत स्थळ आणि काळ आहेत. दुसऱ्या वहीत ते स्थळकाळ कोणाला तरी सांगितलेले आहेत.

सांगितलेले आहेत ते एका विशिष्ट माणसाला. चार्ल्स डाउटी-वायली हा इंग्रज सैन्याधिकारी १९०७ मध्ये तुर्कस्तानातील कोन्या येथे वकिलातीच्या कामावर असताना गर्ट्रूड बेलची त्याच्याशी ओळख झाली. तो विवाहित होता. पुढे त्या ओळखीचे जे झाले ते दोघांच्याही पत्रव्यवहारात आहे. येथे त्याचा तपशील देण्याचे प्रयोजन नाही. दुसरी वही त्याच्यासाठी लिहिलेली होती एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे. २६ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर तो मारला गेला. वहीचा वाचक गेला, वही मात्र राहिली. आज ती वही इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि तिच्या शेजारी ती पहिली, घाईची वहीही आहे.

रोजनिशी हा वाङ्मयप्रकार शिकवताना एक गृहीत सहजपणे मांडले जाते. रोजनिशीला वाचक नसतो, म्हणून ती प्रामाणिक असते. पत्राला वाचक असतो, म्हणून त्यात थोडा अभिनय येतो. हाइलच्या प्रवासातील या दोन वह्या शेजारी ठेवून वाचल्या की हे गृहीत टिकत नाही. जिला वाचक नव्हता ती वही निर्वैयक्तिक झाली आहे. तिच्यात भीती नाही, कारण भीतीची नोंद करून नकाशाला उपयोग नसतो. जिला वाचक होता त्या वहीतच ही बाई खचलेली दिसते. फेब्रुवारीच्या मध्याला ती कबुली देते, की या साहसातून हाती काही लागणार आहे की नाही याविषयीच मन साशंक झाले आहे; धोक्याचे काही वाटत नाही, वाटते ते निष्फळतेचे. ज्याला सांगायचे तो माणूस समोर असल्याशिवाय ही कबुली लिहिली गेली असती का? हा प्रश्न केवळ बेलपुरता नाही. आपल्याकडील रोजनिशा, आत्मवृत्ते आणि पत्रसंग्रह वाचतानाही तो विचारायला हवा, आणि तो सहसा विचारला जात नाही.

न्यूकॅसलच्या या संग्रहात सुमारे १६०० पत्रे, १६ रोजनिशा आणि ७००० च्या आसपास छायाचित्रे आहेत. २०१७ साली युनेस्कोने आपल्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याची नोंद केली. पत्रांचे व रोजनिशांचे लिप्यंतर आणि छायाचित्रांच्या प्रतिमा आता संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. एरवी ज्या साधनांसाठी परदेशी शिष्यवृत्ती, ग्रंथपालांची परवानगी आणि चार महिन्यांची रजा लागली असती, ती साधने तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात बसूनही वाचता येतात. मोडीतील दप्तरे उघडून घेण्यासाठी ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्या घालवल्या आहेत त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

‘अर्काइव्ह’ या शब्दासाठी आपण अभिलेखागार असा शब्द घडवला. तो अचूक आहे, परंतु निर्जीव आहे. मराठीत त्यासाठी ‘दप्तर’ हा शब्द आधीपासूनच होता. फारसीतून आलेला, पेशवाईत रुजलेला आणि आता शाळकरी मुलाच्या पाठीवरही बसलेला. दप्तर म्हणजे बांधलेली गोष्ट. कोणीतरी बांधते, म्हणून ते दप्तर होते. काय आत घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे हे बांधणाराच ठरवतो. बेलच्या कागदपत्रांचा इतिहास हा प्रामुख्याने त्यांच्या बांधणीचा इतिहास आहे.

तिची हकीगत थोडक्यात अशी. जन्म १४ जुलै १८६८, इंग्लंडच्या ईशान्येकडील एका लोखंड कारखानदाराच्या घराण्यात. तीन वर्षांची असताना आई गेली. वडील ह्यू बेल यांनी १८७६ मध्ये दुसरे लग्न केले, ते फ्लॉरेन्स या विदुषीशी. ऑक्सफर्डला आधुनिक इतिहासाच्या परीक्षेत १८८८ मध्ये पहिला वर्ग. त्यानंतर इराण, फारसी भाषा, हाफिजच्या कवितांचा १८९७ मधला अनुवाद, आल्प्सची शिखरे, सीरिया, आनातोलिया, मेसोपोटेमिया. पुरातत्त्वावरील चार ग्रंथ लिहून झाल्यावर महायुद्ध आले आणि या बाईचे भूगोलाचे ज्ञान सरकारच्या कामाला लागले. १९१७ नंतरचे तिचे आयुष्य बहुतांशी बगदादेत गेले, आणि मृत्यूही तेथेच आला. या सर्व काळात ती आईवडिलांना पत्रे लिहीत राहिली. आई म्हणजे अर्थातच फ्लॉरेन्स.

बेलच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९२७ साली, फ्लॉरेन्स बेलने तिची पत्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली. पुढची कित्येक वर्षे जगाला ठाऊक असलेली गर्ट्रूड बेल ही या दोन खंडांतली होती. ती तल्लख आहे, विनोदी आहे, धाडसी आहे, घोड्यावर आणि उंटावर सारख्याच सहजतेने बसणारी आहे. तिच्या आयुष्यात डाउटी-वायली नाही. राजकारणातील बोचरे अभिप्रायही बरेचसे गाळलेले आहेत, कारण त्यांतील माणसे तेव्हा हयात आणि अधिकारावर होती. फ्लॉरेन्स स्वतः कसलेली लेखिका होती. मिडल्सबरोच्या लोखंड कामगारांच्या घरगुती जीवनाची पाहणी करणारे तिचे १९०७ सालचे पुस्तक आजही समाजशास्त्राच्या अभ्यासकांना उपयोगी पडते. अशी संपादिका जेव्हा गाळते, तेव्हा ते अडाणीपणाने गाळलेले नसते. तिला आपल्या मुलीचे एक रूप उभे करायचे होते, आणि आईने ते करू नये असे कोण म्हणेल?

मराठी वाचकाला येथे गोडसे भटजींची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीतील आपला प्रवास चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहाने लिहून काढला. वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, पण संहितेत बराच फेरफार करून. दत्तो वामन पोतदार यांनी भारत इतिहास संशोधक मंडळातील मूळ हस्तलिखितावरून तो जसाच्या तसा छापला तो १९६६ मध्ये. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत ज्यांनी गोडसे भटजी वाचले, त्यांनी मुख्यतः वैद्यांचे गोडसे भटजी वाचले. बेलच्या बाबतीत १९५८ व १९६१ मध्ये एलिझाबेथ बर्गॉइनने खाजगी कागदपत्रांवरून दोन खंड काढले आणि चित्र पालटू लागले. हाइलच्या दोन्ही वह्या एकत्र छापल्या गेल्या त्या २००० साली. संगणकावर आलेल्या दप्तराने हा प्रवास पुढे नेला. आता १९२७ ची पत्रे आणि मूळ पत्रे समोरासमोर ठेवून कोणता परिच्छेद गळाला हे एखादा विद्यार्थीही पाहू शकतो. संपादनशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी याहून चांगले उदाहरण शोधायला फार लांब जावे लागेल.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. संपादिकेची कात्री बाजूला झाली म्हणून पूर्ण बाई हाती आली असे होत नाही. दप्तरातील पत्रांचा फार मोठा भाग आईवडिलांना लिहिलेला आहे. बापलेकीचे प्रेम दुर्मीळ म्हणावे असे होते. तरीही, किंवा त्यामुळेच, बापाला लिहिताना मुलगी काही गोष्टी सांगत नाही. आपण दमलो आहोत हे ती हसत सांगते. बगदादच्या उन्हाळ्याविषयी लिहिताना इंग्लंडहून कोणत्या कापडाचे झगे पाठवावेत याचीही यादी देते, आणि त्याच पत्रात पुढे एका देशाचा राजा कोण असावा याची चर्चा असते. जुलै १९२१ मध्ये, फैसलला गादीवर बसवण्याच्या खटपटीत, राजे घडवण्याच्या धंद्यात आपण पुन्हा कधी पडणार नाही, त्याचा ताण फार होतो, अशा आशयाचे ती लिहिते. हे वाक्य चरित्रकारांना अतिशय प्रिय आहे. ते एका लाडक्या मुलीने घरी लिहिले आहे, आणि त्यातला विनोद घरासाठी आहे. त्या विनोदाच्या पलीकडे इराकचे लाखो लोक होते, त्यांना या वाक्यात कोठे जागा आहे हे पाहणे वाचकाचे काम उरते.

संगणकावरच्या दप्तराने वाचनाची रीतही बदलली आहे. बासन सोडून कागद क्रमाने उलटणारा अभ्यासक नको असलेले बरेच वाचतो. हवामान, जेवणाचे बेत, चुलत बहिणीचे लग्न हे वाचता वाचता त्याला माणसाची चाल कळत जाते. शब्द टंकून शोध घेणारा थेट त्या पत्रावर, त्या ओळीवर जाऊन उतरतो. ‘फैसल’ शोधणाऱ्याला फैसल मिळतो, झगे मिळत नाहीत. सुविधा वाईट आहे असे नव्हे, पण तिच्यामुळे अवतरणे वाढतात आणि वाचन घटते. बेलविषयी अलीकडे जे लिहिले जाते त्यात तीच ती पाचपंचवीस वाक्ये फिरत राहतात, याचे एक कारण हे असावे.

तीच गत ‘पहिली स्त्री’ या बिरुदाची. बेलचे नाव निघाले की ते तिच्यामागे लावण्याची प्रथा आहे. ती हाइलला पोहोचली त्याच्या पस्तीस वर्षे आधी, १८७९ मध्ये, लेडी अ‍ॅन ब्लंट आपल्या पतीसमवेत तेथे जाऊन आली होती. उखैदिरच्या वाळवंटी राजवाड्याचा आराखडा बेलने १९०९ मध्ये मोठ्या कष्टाने काढला, परंतु तिचा ग्रंथ १९१४ साली बाहेर पडण्याआधीच, १९१२ मध्ये, त्याच वास्तूवरचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. पहिलेपणाचा हट्ट धरला तर पदरी अशी निराशा येते. आणि ज्या स्त्रीला आज स्त्रीमुक्तीच्या ओळीत उभे केले जाते ती १९०८ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या संघटनेत उत्साहाने काम करीत होती. हेही तिच्याच कागदांतून दिसते. तिला जे स्वातंत्र्य मिळाले ते घराण्याच्या पैशाने आणि बापाच्या उदारपणाने मिळाले होते. ते सर्व स्त्रियांना असावे असे तिला तेव्हा वाटले नाही. या संदर्भात पंडिता रमाबाईंचा विचार मनात येतो. बेल ऑक्सफर्डची परीक्षा देऊन बाहेर पडली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त मराठीत प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकात परक्या देशाकडे पाहणाऱ्या नजरेचा रोख सारखा आपल्या देशातील स्त्रियांच्या स्थितीकडे वळतो. बेलच्या प्रवासलेखनात असा वळणारा रोख नाही. ती पाहते ते समोरच्याला पाहते, आणि बारकाईने पाहते. दोघींची तुलना करून एकीला मोठे ठरवण्याचे कारण नाही. एकीमागे साम्राज्य होते आणि दुसरीमागे घरही उरले नव्हते, एवढे विसरू नये. रमाबाईंची पत्रेही दुसऱ्याच स्त्रीने, सिस्टर जेराल्डीन यांनी, जपून व आपल्या भाष्यासह जुळवून ठेवली. त्यांचा संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये काढला, तो इंग्रजीत.

छायाचित्रांकडे वळले की या दप्तराचा सूर पालटतो. पत्रात बेल बोलते, छायाचित्रात ती गप्प असते. तिने छायाचित्रे काढली ती कलेसाठी नव्हे. कमानीचे वळण, विटांची रचना, शिलालेखाची ओळ आणि भिंतीची जाडी नोंदवून ठेवणे हा हेतू होता. वास्तू मोठी असली की ती ओळीने चित्रे घेऊन पुढे ती एकमेकांना जोडीत असे, आणि त्यातून सगळे मैदान डोळ्यांपुढे उभे राहते. १९०० सालच्या मे महिन्यात ती पाल्मिराला होती. बेल या देवतेचे मंदिर (तिच्या आडनावाशी या नावाचे साम्य हा केवळ योगायोग), बालशमीनचे मंदिर, स्तंभांची लांबच लांब रांग हे सारे तिने टिपले. ऑगस्ट २०१५ मध्ये ही दोन्ही मंदिरे तथाकथित इस्लामी राज्याच्या दहशतवाद्यांनी सुरुंग लावून उडवली. आनातोलियातील बिनबिरकिलिसे येथील चर्चांची तिने १९०५ व १९०७ मध्ये घेतलेली चित्रे आणि मापे अशीच आहेत. त्यातील कित्येक भिंती पुढे कोणी मुद्दाम पाडल्या नाहीत, त्या हळूहळू ढासळल्या आणि दगड दुसरीकडे गेले.

जी गोष्ट मोजमापासाठी केली ती साक्ष ठरते, हा काळाचा खेळ आहे. बेलला आपण साक्ष नोंदवीत आहोत याची कल्पना नव्हती. मंदिर दोन हजार वर्षे उभे होते. तिचे चित्र जाईल, मंदिर राहील, असेच कोणालाही वाटले असते. म्हणूनच त्या चित्रांत शोक नाही. शोक आता पाहणाऱ्याकडून त्यात जातो. कातळावरचा तो स्वच्छ, कोरडा प्रकाश पाहताना मन वारंवार १९०० मधून २०१५ मध्ये घसरते, आणि ही घसरण टाळून ते चित्र पाहणे आता शक्य राहिलेले नाही.

या चित्रांत माणसेही आहेत. कित्येक ठिकाणी ती केवळ मापासाठी उभी केलेली आहेत. खांबाशेजारी एक माणूस उभा असला की खांबाची उंची कळते. त्याचे नाव कळण्याची गरज नसते. उंटवाले, वाटाडे, शिपाई, टोळ्यांचे शेख, तंबूच्या दारातील मुले अशी शेकडो माणसे ७००० चित्रांतून आपल्याकडे पाहतात. शेखांची नावे बहुधा टिपलेली आहेत, कारण ती राजकारणाला उपयोगी होती. इतरांच्या वाट्याला बहुधा वर्णन आले. याला अपवाद फत्तूहचा. हलबचा हा आर्मेनियन ख्रिस्ती १९०५ मध्ये बेलच्या चाकरीत आला आणि पुढच्या सर्व मोठ्या प्रवासांत तिच्यासोबत होता. स्वयंपाक, सामान, घोडी, किंमत ठरवणे, भांडणे मिटवणे ही सारी त्याची कामे. हाइलच्या प्रवासाच्या प्रारंभी तो विषमज्वराने आजारी पडला आणि काही आठवड्यांनी येऊन मिळाला. तेव्हाचा तिचा आनंद वहीतून लपत नाही. १९१९ मध्ये हलबला तो तिला पुन्हा भेटला, तेव्हा युद्धाने त्याची पार दैना केली होती. बेलच्या पत्रांत फत्तूहविषयी जिव्हाळा आहे, कृतज्ञता आहे, गमतीच्या गोष्टी आहेत. मात्र फत्तूहच्या दृष्टीने ही बाई कशी होती? बारा-बारा तास उन्हात चालवून, थडग्यांची आणि पडक्या भिंतींची मापे घेत बसणाऱ्या या श्रीमंत बाईविषयी रात्री विस्तवाशी बसून तो इतरांना काय सांगत असेल? सोळाशे पत्रांच्या दप्तरात या प्रश्नाचे उत्तर नाही. दप्तर जितके मोठे तितके हे मौनही मोठे वाटते.

याच मौनाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. बेलला हिंदुस्थान अपरिचित नव्हता. १९०३ च्या दिल्ली दरबाराला ती हजर होती. १९१६ च्या प्रारंभी व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या भेटीला ती पुन्हा दिल्लीस आली आणि तेथून मार्चमध्ये बसऱ्याला पोहोचली. बसरा हे नाव मराठी कानाला बसराई मोत्यांमुळे जुने ओळखीचे. त्या वर्षांत ते नाव सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडील घरांत दुसऱ्याच कारणाने उच्चारले जात होते. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या मोहिमेत उतरल्या होत्या. बेल बसऱ्यात नकाशे आणि टोळ्यांची माहिती जुळवीत होती, तेव्हा कूत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंडची फौज वेढ्यात उपाशी पडली होती. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. त्यांत हिंदी शिपाई आणि बाजारबुणगे मोठ्या संख्येने होते, आणि ११० वी मराठा पलटणही होती. युद्धकैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेताना व पुढे बंदिवासात त्यांतले हजारो दगावले.

त्या वसंतातील बेलची बसऱ्याहून लिहिलेली पत्रे दप्तरात आहेत. कूतविषयीची चिंता त्यांत आहे, अधिकाऱ्यांच्या नियोजनावरची नाराजी आहे, आणि ती नाराजी रास्त होती हे इतिहासाने मान्य केले आहे. त्या वेढ्यातल्या मराठी शिपायाने घरी काय लिहिले असते, ते आपल्याला वाचता येत नाही. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. कोणाकडून तरी लिहवून घ्यावे लागे. पहिल्या महायुद्धातील हिंदी शिपायांच्या पत्रांचा जो साठा अभ्यासकांना माहीत आहे, तो मुख्यतः फ्रान्सच्या आघाडीवरील आहे. आणि तो टिकला तोही टपाल तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित करून अहवालांना जोडले म्हणून. शिपायाचे वाक्य संशयामुळे टिकले, बेलचे वाक्य प्रेमामुळे. दोघांच्या दप्तरांत हा फरक आहे. यॉर्कशायरमधल्या त्या मोठ्या घरात पत्र पोहोचले की ते वाचले जाई, घरात फिरे, कपाटात जाई. साताऱ्याकडच्या घरात पत्र पोहोचले असेल तर ते कोणा भिक्षुकाकडून किंवा मास्तरांकडून वाचून घेतले गेले असेल आणि आढ्याच्या वाशाला खोचले गेले असेल. तेथून पुढे धूर आणि पाऊस.

इराकच्या बाबतीत हा प्रश्न अधिक जड होतो. बसरा, बगदाद आणि मोसुल हे तीन ऑटोमन प्रांत जोडून जो देश उभा राहिला, त्याच्या घडणीतील बेलचा वाटा नाकारता येणार नाही. १९२० मध्ये तिने लिहिलेला मेसोपोटेमियाच्या मुलकी कारभाराचा आढावा ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. १९२१ च्या मार्चमधील कैरो परिषदेला ती उपस्थित होती. २३ ऑगस्ट १९२१ रोजी फैसलचा राज्यारोहण समारंभ झाला. या सगळ्यांची दिवसागणिक हकीगत तिच्या पत्रांत इतकी जिवंत आहे, की इराकच्या जन्माची गोष्ट सांगू पाहणारा लेखक आपसूक तिच्या खिडकीशी जाऊन उभा राहतो. १९२० च्या उन्हाळ्यात इंग्रजांविरुद्ध फुरातच्या काठी उठाव झाला. तोही बहुधा त्याच खिडकीतून दिसतो. खिडकी चांगली आहे, काच स्वच्छ आहे. परंतु खोली तिची आहे. बगदादमधील वृत्तपत्रे, नजफच्या उलेमांची पत्रके, टोळ्यांची तोंडी परंपरा ही साधने अरबीत विखुरलेली आहेत आणि ती शोधखूण टंकताच समोर येत नाहीत. सुलभ साधन आणि महत्त्वाचे साधन यांत फरक न करण्याची चूक संशोधकाच्या हातून नकळत होत असते.

तरीसुद्धा या बाईला केवळ साम्राज्याची कारकून ठरवून मोकळे होता येत नाही. तिचे शेवटचे काम पाहावे. इराकच्या पुराणवस्तू खात्याची ती संचालक होती. १९२४ चा पुराणवस्तूंविषयीचा कायदा तिच्याच पुढाकाराने झाला. उत्खननात सापडलेल्या वस्तूंची वाटणी परदेशी मोहिमांना मिळू देणारा तो कायदा आजच्या दृष्टीने सैल वाटेल, आणि इराकी अभ्यासकांनी त्यावर टीकाही केली आहे. परंतु त्या काळी सगळेच बाहेर जाण्याची वहिवाट होती, आणि काही तरी बगदादेत राहावे यासाठी तिने ऊरच्या उत्खननकर्त्यांशी एकेका वस्तूवरून घासाघीस केली. ती घासाघीसही पत्रांत आहे, मोठी रंजक आहे. त्या वस्तूंतून बगदादचे संग्रहालय उभे राहिले. त्याची पहिली खोली जून १९२६ मध्ये उघडली. याच संग्रहालयातून एप्रिल २००३ मध्ये, अमेरिकी फौजा शहरात शिरल्यानंतरच्या गोंधळात, सुमारे १५ हजार वस्तू लुटल्या गेल्या. त्यांतील बऱ्याच परत आल्या, बऱ्याच आल्या नाहीत.

१९२६ च्या उन्हाळ्यातील पत्रे वाचणे जड जाते. कोळशाच्या खाणीतील संपामुळे घराण्याचा पैसा आटत चालला होता. सावत्र भाऊ ह्यूगो त्याच वर्षाच्या प्रारंभी वारला होता. राजा आता स्वतःचे राजकारण करीत होता आणि त्याला सल्ल्याची पूर्वीसारखी गरज राहिली नव्हती. सकाळी पोहणे, मग संग्रहालयात वस्तूंची सूची करणे, दुपारची असह्य उष्णता, संध्याकाळचे रिकामपण असा दिनक्रम ती आईवडिलांना कळवते. सूर हलका ठेवण्याचा प्रयत्न आहे, पण तो पूर्वीसारखा साधत नाही. बापाला सर्व सांगायचे नाही हा चाळीस वर्षांचा नियम ती शेवटपर्यंत पाळते, आणि तिची दुसरी वही वाचणारा माणूस मरून अकरा वर्षे झालेली असतात. १२ जुलै १९२६ च्या पहाटे झोपेच्या औषधाची मात्रा अधिक झाल्याने तिचा मृत्यू झाला. दोन दिवसांनी तिला अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली असती. ती मात्रा चुकून घेतली की जाणून, यावर चरित्रकारांत मतभेद आहेत. पत्रे पुन्हा पुन्हा वाचून दोन्ही बाजू मांडल्या गेल्या आहेत, आणि दोन्ही बाजूंना आधार म्हणून तीच पत्रे पुढे केली जातात.

त्याच दिवशी संध्याकाळी बगदादेतील इंग्रजांच्या दफनभूमीत तिला पुरण्यात आले. कागद आणि छायाचित्रे कालांतराने न्यूकॅसलला गेली. पडद्यावर तारखांची जी यादी दिसते तिच्यात जुलै १९२६ चा पहिला आठवडा येतो, मग यादी संपते. वरच्या बाजूला १९१४ ची नोंद आहे, ती उघडली की तंबूतल्या पहिल्या वहीतील एका दिवसावर आपण येतो : किती वाजता निघालो, पाणी कोठे लागले, कोण भेटले.